सासूबाईंचं पापनिवेदन आणि मी दुभाषी

अमेरिकेत, रेडमंडला आल्यापासून सासूबाई दर रविवारी आमच्याबरोबर चर्चमध्ये मिस्साला यायच्या, पण कम्युनियनची वेळ झाली की बाकावर बसून राहायच्या. आमची अख्खी रांग त्यांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडायची आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन पुन्हा धक्के देत आत यायची. त्या जागच्या हलायच्या नाहीत.

हे काही लहानसहान नव्हतं. वसईत या बाईंनी कधी कम्युनियन चुकवल्याचं कुणाला आठवत नाही. ताप असला तरी डोक्याला रुमाल बांधून सकाळच्या पहिल्या मिस्साला हजर. नवऱ्यानं कारण विचारलं, तर "पापनिवेदन झालेलं नाही" एवढंच उत्तर मिळालं. फादरांसमोर पापं कबूल केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. पण निघायच्या आदल्या दिवशी पापनिवेदन करूनच त्या विमानात बसल्या होत्या. म्हणजे जे काही पाप होतं, ते इथे आल्यावर, आमच्याच घरात घडलं होतं! ही शंका आली आणि माझे कान टवकारले.

ईस्टर जवळ आला होता. तो झाला की त्या परत जाणार होत्या. "ईस्टरलाही मी अशी बसूनच राहणार का गं?" एकदा भांडी पुसता पुसता त्यांनी विचारलं. तसं आमचं सूत कधीच जमलेलं नव्हतं. माझ्या हातची फिश करी त्या औषधासारखी गिळायच्या. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

अडचण होती भाषेची. त्यांचं इंग्रजी "थँक्यू" आणि "नो शुगर" यांच्या पुढे जात नव्हतं आणि इथल्या फादरांना मराठीचा गंध नव्हता. सासूबाईंनी वसईच्या फादरांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. ते हसून म्हणाले, "मावशी, फोनवर पापनिवेदन चालत नाही. समोर बसावं लागतं. तिकडच्या फादरांकडे जा, देव तिकडेही आहे."

"देव आहे हो," सासूबाई म्हणाल्या, "पण फादर अमेरिकन आहे."

मग नवरा पुढे सरसावला. "आई, मी येतो ना. मी ट्रान्सलेट करतो, नो बिग डील."

"तुझ्यासमोर? जन्म दिलाय मी तुला." तो विषय तिथेच मिटला.

आमच्या लेकीचं मराठी "आजी" आणि "नको" यांच्यावर भागतं. तिनं भाषांतराचं ॲप उघडून फोन पुढे केला. "आजी, जस्ट टॉक इन्टू इट." सासूबाईंनी चाचणी म्हणून "मी काल खूप चिडले" असं सांगितलं. फोन लगेच खणखणीत पुरुषी आवाजात इंग्रजी बोलू लागला. सासूबाई दचकून मागे सरकल्या. "हा कोण मेला माझी पापं सांगणारा?"

शेवटी एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी फादरांना गाठलं. उंचेपुरे, सत्तरीचे, झग्याखाली धावायचे बूट. सासूबाईंची नजर त्या बुटांवरून हलेना. फादर म्हणाले, त्यांना खुशाल त्यांच्या भाषेत सांगू द्या, देवाला कळेल. मी तसं मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्याला कळलंच नाही, त्याला सांगितलं कसं म्हणायचं?"

फादरांना हा मुद्दा पटला असावा. मग दुभाषी घ्या, ते म्हणाले. दुभाष्यालाही फादरांसारखंच गुप्ततेचं बंधन असतं. ऐकलेलं कधीच कुणाला सांगता येत नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हिला कुणाला म्हणजे कुणालाच सांगता येणार नाही? नवऱ्याला?"

मी विचारलं. फादर म्हणाले, नाही.

"आणि बहिणीला, त्या तासतासभराच्या फोनवर?"

हे मी गाळणार होते, पण विचारलं. फादर हसू दाबत म्हणाले, बहिणीला तर नाहीच नाही.

"मग हीच बरी," सासूबाई म्हणाल्या.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. तीन खुर्च्या, एक क्रूस, टिशूचा डबा. आत काय बोललं गेलं, ते इथे लिहिता येत नाही. वाचणाऱ्यांची निराशा मला कळते. माझ्या बहिणीचीही झाली आणि ती अजून रुसलेली आहे. स्वतः काय केलं ते मात्र मी सांगू शकते, तेवढी परवानगी फादरांकडून घेतली आहे. दुभाष्याला "त्या म्हणतात" असं म्हणायचं नसतं, "मी" म्हणायचं असतं. मी त्यांच्या वतीनं "मी, मी" करत राहिले आणि बरं चाललं होतं. मग एक वाक्य आलं. ते काही माझ्या तोंडून निघेना. मी त्याच्या जागी दोन गुळमुळीत शब्द टाकले आणि पुढे गेले. फादरांनी क्षमा दिली. आम्ही बाहेर आलो.

पार्किंगमध्ये पाऊस भुरभुरत होता. मी गाडीचं दार उघडलं, पण सासूबाई बसेनात.

"तू सगळं नाही सांगितलंस."

"सांगितलं की, आई."

"माझं वाक्य एवढं मोठं होतं आणि तुझं एवढुसं? मला इंग्रजी येत नाही, पण लांबी कळते. परत चल."

रांगेत अजून चार माणसं होती. आम्ही त्यांच्या मागे उभ्या राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा फादरांनी भुवया उंचावल्या. मी खाली मान घालून म्हणाले, मघाशी दुभाष्याची चूक झाली. मग सासूबाईंनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश, माझ्याकडे बघून. मी ते सगळंच्या सगळं इंग्रजीत म्हटलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. टिशूचा डबा फादरांनी माझ्याकडे सरकवला, सासूबाईंकडे नाही.

यापुढचं गाडीत बोललेलं आहे, त्याला बंधन नाही.

मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मला खरंच राग आला होता आणि रडूही येत होतं. "आई, फादरांनी पहिल्याच वेळी माफ केलं होतं. एक वाक्य राहिलं म्हणून देव काही अडून बसला नसता. परत कशाला नेलंत मला?"

त्या पट्टा लावत होत्या. तो त्यांना कधीच नीट लागायचा नाही. मी हात पुढे करून लावून दिला.

"त्यांनी केलं गं," त्या म्हणाल्या. "तू कुठे केलं होतंस?"

त्यांचा हात पट्ट्यावर माझ्या हाताशेजारीच होता, तो मी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ईस्टरच्या मिस्साला रांग उठायच्या आधीच त्या उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, "चल."