मागे पळणारी पोलीस गाडी

धुळ्यात आग्रा रोडला खेळण्यांचं दुकान चालवायचं आणि दर रविवारी त्याच दुकानात गिऱ्हाइकांच्या पोरांना खेळणी फोडायला शिकवायचं, हा उद्योग सज्जनबाईनेच करावा. मी ‘फोडायला’ म्हटलं की ती माझ्यावर चिडते. "उघडायला म्हणा, प्रोफेसरीणबाई. फोडतात ते तुमच्या कॉलेजातले."

नवरा शांतीलाल होता तोवर पाटी होती: ‘माल चालवून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.’ तो गेल्यावर हिने ‘चालवून’ खोडून ‘उघडून’ लिहिलं. दुखवट्याला आलेल्यांना वाटलं, बाईला धक्का बसलाय. कसला धक्का! उभा जन्म काउंटरमागे बसून हिने अस्वलाला ढोल वाजवताना पाहिलं होतं, आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघायची हिला परवानगी नव्हती.

आता रविवारी मागच्या खोलीत सतरंजी पडते. मधोमध अस्वल उताणं, भोवती पोरं.

"आत देव असतो का?" एकाने विचारलं.

"सेल असतो. देवाला दुसरी कामं आहेत." मग ती दाखवते. मोटर फिरते, इवलं दातेरी चाक मोठ्या चाकाला फिरवतं, त्याला एक वाकडी तार, तार फिरली की हात वर-खाली. "अस्वलाला ढोल येत नाही रे. तार वाकडी आहे म्हणून वाजतोय. मोठी माणसंही बरीच अशीच वाजवतात."

पोरं घरी जाऊन मिक्सर उघडत आणि आया दुकानात येऊन श्रेयांसवर, म्हणजे हिच्या मुलावर, तोंड टाकत. श्रेयांस पुण्याहून एमबीए होऊन आलेला, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. त्याने बजावलं, "मम्मी, आणखी एक तक्रार आली की रविवारचं बंद. पेचकस कपाटात जाणार."

सज्जनबाईने लगेच मान डोलावली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दोन दिवसांनी मी दुकानात बसले असताना साक्रीकडचा रुपचंद पोरीला घेऊन आला. त्याने इथूनच नेलेली खेळण्यातली गाडी काउंटरवर ठेवून बटण दाबलं. गाडी सायरन वाजवत मागे मागे गेली आणि श्रेयांसच्या चहावर आदळली.

"हाई पोलिसनी गाडी शे ना भाऊ?" रुपचंद म्हणाला. "मंग चोर दखीसन मांगे का पयस?" चोर दिसताच मागे पळणाऱ्या पोलिसांसाठी त्याने पैसे मोजले नव्हते.

रविवारच्या कोणा कारट्याने तारा उलट्या जोडून गाडी खोक्यात परत ठेवली होती. तसली दुसरी शिल्लक नव्हती, आणि पैसे परत घ्यायला पोरगी तयार नव्हती.

"मम्मी!" श्रेयांस ओरडला.

मम्मी मागच्या खोलीत, उघड्या दारासमोर, आसनावर. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात माळ, जैनांचं सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचं ध्यान, चालू. ते संपेपर्यंत दुकानाचं अक्षर बोलायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही. एरवी पहाटे सामायिक करणारी बाई भर दुपारी कशी बसली? माझं मत विचाराल तर तिने रुपचंदला रस्ता ओलांडताना पाहिलं होतं.

श्रेयांसने दातओठ खात पेचकस उचलला.

"काका, आधी सेल काढा," पोरगी म्हणाली.

सामायिकात डोळे मिटलेले असायला हवेत. सज्जनबाईचा एक उघडा होता. श्रेयांस भलत्याच स्क्रूला भिडला की तिच्या माळेचा मणी थांबे. बरोबर स्क्रूवर आला की पुढे सरके. थोड्या वेळाने तो गाडीकडे कमी आणि माळेकडे जास्त बघायला लागला. लाल तारेच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. गाडी सुरळीत पुढे धावली.

"आता परत मागे पळव ना," पोरगी म्हणाली.

"अगं, ही तार इकडे आली की मोटर उलटी फिरते. थांब, दाखवतो." आणि शहाण्याने गाडी पुन्हा उताणी केली! रुपचंदने स्टूल ओढलं. "माले भी दखाड."

सामायिक संपलं. सज्जनबाईने सावकाश मुहपत्ती सोडली, घडी केली आणि बाहेर आली.

"काय रे, तक्रार आली म्हणे? मग रविवारचं बंद ना?"

श्रेयांसने नुसता हात हलवला. बोलतो कसला! ओठांत चार स्क्रू धरले होते.