कॅसेट पुढे न पळवणारा माणूस

जळगावात शिक्षक परिषद असली, की ती सभागृहाबाहेरच्या टीव्हीवर थेट दाखवायचं काम एका व्हिडिओवाल्याकडे असे. तेच तो कॅसेटवर उतरवूनही घेई. ज्यांची परिषद हुकली, त्यांना ती आठ दिवस त्याच्या दुकानात बघायला मिळे. मग त्याच कॅसेटवर कुणाचं तरी लग्न चढे.

अशाच एका परिषदेतलं माझं पहिलंवहिलं भाषण पुसलं जाण्याच्या आदल्या दिवशी मी धुळ्याहून एसटीने जाऊन धडकले. अख्खा महाराष्ट्र माझ्याच भाषणाची वाट बघतोय, असं तेव्हा मला वाटे.

"भाऊ, माझ्यापर्यंत पुढे पळवा ना."

"नाही बाई. बठ्ठं देखनं पडी."

सगळं बघावंच लागेल; कॅसेट पळवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं, असं त्याचं मत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचा खोकला, काही म्हणता काही सोडलं नाही त्याने. मी नुसती चरफडत होते.

अखेर पडद्यावर मी आले. बोट नाचवत शिक्षणाची दुर्दशा सांगू लागले. दहा मिनिटांत मलाच जांभई आली. ओशाळून म्हटलं, "बंद करा हो. आत्ताच पुसून टाका."

तो हाताची घडी घालून स्टुलावर ताठ बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "थांबा बाई, माले आयकू द्या."