नानांचे अकरा हंडे

आगीला आमच्या आत्याच्या यजमानांइतकं, म्हणजे नानांइतकं, घाबरणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी उभं आयुष्य आगीशी खेळण्यात घालवलं. तरुणपणी नाना एका सर्कशीत दोन्ही हातांत जळते पलिते फिरवत नाचायचे. भडगावला परतले ते हा नाच घेऊनच. दर वर्षी यात्रेच्या संध्याकाळी ढोलावर त्यांचा नाच ठरलेला. सर्कशीत भुवया कायमच्या जळाल्या होत्या, म्हणून त्या दिवशी आत्या काजळाने त्यांना नव्या काढून द्यायची. त्या कधीच सारख्या यायच्या नाहीत, त्यामुळे नाना सबंध नाचभर कुणाचा तरी संशय आल्यासारखे दिसत.

घरी मात्र चूल विझली की राखेत हात घालून खात्री करणार. कुणी बिडी पेटवली की हे तांब्या घेऊन शेजारी उभे. एका लग्नात भटजींनी होमात तूप जरा सढळ हाताने सोडलं, ज्वाळा मांडवाच्या कापडाकडे झेपावली आणि नानांनी अख्खी कळशी उपडी केली. होम विझला, नवरदेव भिजला. वऱ्हाड खवळलं तेव्हा म्हणाले, "लगीन परत लावता येस. मांडव जळना ते काय करशात?" बांधावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवणाऱ्यांशी तर त्यांचं हाडवैर. "बांधवर निंब शे, निंबवर घरटं शे," असं सुरू केलं की आग विझेपर्यंत हलायचे नाहीत. लोक वैतागत. पण नदीकाठची झाडं तोडून तोडून संपत आली, तेव्हा नानांनी राखलेले तेवढे निंब उभे होते.

नाचाचा त्यांचा नियम एकच: "पहिले पानी, मंग आग." रिंगणाभोवती पाण्याने भरलेले अकरा हंडे मांडल्याशिवाय ते काडी ओढत नसत.

ऐंशीच्या दशकात एकदा लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. गिरणा होळीआधीच आटली, टँकरचे घरटी दोन हंडे मिळू लागले, आणि यात्रा तोंडावर आली. नानांचे गुडघे कुरकुरत होते. "अवंदा नही, ते मंग कधीच नही," ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. आत्याने आपले दोन हंडे पुढे ठेवले, तर भडकलेच. "पेवाना पानीवर मी नाचू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन ते नदीच्या कोरड्या पात्रात उतरले आणि पाण्यासाठी वाळूत झिरा खणू लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं म्हणत लोक काठावर जमले. नाना खालून ओरडले, "नाच दखनं व्हई ते फावडं लई या!" तिसऱ्या दिवशी अर्धी गल्ली त्या खड्ड्यात होती, मीसुद्धा. पुरुषभर खोल गेल्यावर वाळू ओली लागली, मग गढूळ आणि मग नितळ पाणी पाझरलं. हाताला फोड आले होते, पण इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानेही कधी दिला नाही.

झिरा हळूहळू भरायचा. अकरा हंड्यांना यात्रेची सबंध दुपार गेली. संध्याकाळी तिथेच वाळूत रिंगण पडलं, ढोल वाजला, पलिते पेटले. रंगात आलेल्या नानांना मध्येच दिसलं, की बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत आणि त्यांचे डोळे आगीकडे नाहीत, हंड्यांकडे आहेत. त्यांनी ढोल थांबवला.

"लई जा वं बठ्ठा हंडा."

"आनि तुम्हना नियम?" आत्याने विचारलं.

नानांनी पलिता चहूकडे फिरवून दाखवला. ना झाड, ना गवत, नुसती वाळू. "आठे जळवाले उरनं काय?" ते हसले, पण कुणी हसलं नाही. बायांनी अकराही हंडे नेले आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

आत्याने हा नाच कधी पाहिलाच नव्हता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दर वर्षी ती ओलं गोणपाट घेऊन हंड्यांपाशी उभी असायची, ठिणगी कुठे पडते तिकडे डोळे लावून. आज राखायला काही नव्हतं. ती वाळूत पाय पसरून बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली.

पलिते वाळूत खुपसून नाना धापा टाकत तिच्याजवळ आले. "कसं व्हतं वं?"

"भलता गोड नाचतस तुम्ही," ती म्हणाली. "पुढला साले बी मी आशीच बशीसन दखसू."

पुढच्या वर्षी नानांचे गुडघे गेले, पण पाऊस मनासारखा झाला. मी नदीवर गेलो तेव्हा दोघं काठावर बसली होती आणि नाना वाहत्या पाण्याकडे बोट करून तिला सांगत होते, "आठेच नाचनू मी." तिथे आता कमरेएवढं पाणी होतं. मला फार बरं वाटलं, आणि थोडं रडूही आलं.