वरचा डावा कोपरा

जेवणाच्या टेबलाएवढा कागद तुम्ही कधी वहीच्या पानाएवढा केलाय? चुरगाळून नव्हे. फाइलमधून न काढता तो पुन्हा पुरता उलगडला पाहिजे, असा. नसेल केला, तर इस्त्रीबाईला नावं ठेवण्याआधी जरा थांबा.

इस्त्रीबाई हे तिला ऑफिसनं दिलेलं नाव. तिच्या खोलीत इस्त्री कधीच नव्हती. होती एक लाकडी पट्टी, तिनं ती घडी अशी दाबायची की कागदाला धार यायची. कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या त्या कंपनीतून एकतीस वर्षं जे ड्रॉइंग साइटवर गेलं, ते तिच्या हाताखालून गेलं. आधी उभ्या घड्या, एक पुढे, एक मागे. मग वरचा डावा कोपरा तिरका मागे मोडायचा. तो मोडला नाही तर फाइलला लावायची पंच मशीनची भोकं वरच्या भागालाही पडतात आणि कागद फाइलमध्ये अडकून बसतो. शेवटी आडव्या घड्या. ड्रॉइंगचं नाव आणि नंबर वर दिसायला हवा. हे सगळं कंपनीच्या नियमातच लिहिलेलं. म्हणून त्या कोपऱ्यात कुणी काही छापत नसे.

एका साहेबानं छापलं. शेडचं ड्रॉइंग गच्च भरलेलं, सूचना ऐनवेळी सुचलेली, जागा उरली होती ती तिथेच. "दुसरी तुळई बोल्टांनी पक्की होईपर्यंत टेकू काढू नयेत."

इस्त्रीबाई कागद घेऊन थेट ड्रॉइंगच्या हॉलमध्ये गेली.

"साहेब, हे खाली घ्या. घडीत मागे जातंय. साइटवर कागद उघडला तरी कोपरा मोडलेलाच राहतो."

"बाई, तुम्हाला पगार घडी घालायचा मिळतो की वाचायचा?"

"डोळे दोन्हीसाठी तेच आहेत, साहेब."

शेजारच्या टेबलांवरचे दोन ड्राफ्ट्समन फिस्सकन हसले. एक म्हणाला, "इस्त्रीबाई इंजिनिअर झाल्या, पेढे कधी?" साहेबाचा चेहरा लाल झाला. "जा, घाला घडी. आज गेलं पाहिजे ते."

ती तणतणत खोलीत आली. टेबलावर तांबडी पेन्सिल होती. वरच्या पानावर 'कोपरा उलगडा' एवढं लिहायला किती वेळ लागतो? पण डोकं तापलेलं. "वाचायचं नाही ना? नाही वाचत, मेलं," म्हणत तिनं कोपरा मोडला, पट्टी फिरवली आणि फाइल पाठवून दिली.

नवव्या दिवशी शेड कोसळली. मुकादमानं फाइल उघडली होती, ड्रॉइंग उलगडलं होतं, दिसलं तेवढं वाचलं होतं आणि टेकू काढायला लावले होते. तो स्वतः खालीच उभा होता. तो गेला, त्याच्यासोबत एक वेल्डरही. ढिगाऱ्यातून फाइल निघाली, तेव्हा कोपरा तसाच मागे मोडलेला होता.

चौकशी बसली. साहेबानं तिच्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला: 'घडी नियमाबाहेर घातल्यामुळे सूचना झाकली गेली.'

"सही करा. समज देऊन सोडतील. तीन महिन्यांनी रिटायर होताय, कशाला डोक्याला ताप?"

"घडी नियमातलीच आहे. पेन्सिल हातात होती आणि मी लिहिलं नाही, ही माझी चूक. ती लिहा, आत्ता सही करते. पण मी तुम्हाला सांगायला आले होते, तेही लिहा."

"तुम्ही कधी आला होतात?" साहेब म्हणाला. पापणीसुद्धा हलली नाही त्याची.

संध्याकाळी हातात निलंबनाचं पत्र. कंपनीनं दिलेली राहायची खोली महिनाअखेर रिकामी करायची. घरी अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण.

"कर की गं सही," बहीण म्हणाली. "दोघं तर गेलेच. तुझ्या सहीविना परत येणारेत का? मला उचलून कुठल्या घरी नेणारेस तू?"

इस्त्रीबाईनं बहिणीची कूस बदलली, पाठीला तेल लावलं. मग म्हणाली, "ताई, त्या दोघांच्या मरणातला माझा वाटा माझ्या डोक्यावर आहेच. तो मी घेते. त्या साहेबाचा नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी ती त्या दोन ड्राफ्ट्समनांना फाटकापाशी गाठायला गेली. एकानं मान खाली घातली. दुसरा म्हणाला, "काकू, आम्हालाही पोरंबाळं आहेत. आम्ही काही ऐकलं नाही." आणि घाईघाईनं आत गेला. ती फाटकाबाहेरच उभी राहिली. तिला आता आत सोडत नव्हते.

सोमवारी सकाळी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. तिच्या बाजूनं बोलणारा एकही माणूस नाही. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये ती सांगायला आली त्या दिवशी वीस-बावीस टेबलं भरलेली होती. त्यातल्या एकावर तुम्ही बसला असाल, तर पोरंबाळांकडे बघूनच या, आणि तिनं काय सांगितलं होतं ते सगळ्यांसमोर सांगा.