उशिराचा दंड माफ, पण अंगठा द्या

मंडळी, आज दुपारी पेठेतल्या बाजाराच्या कचेरीत जे पाहिलं, ते अंथुर्ण्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगा.

मागच्या बाजारी मी वांग्याची बैलगाडी भर रस्त्यात सोडली, अशी दंडाची चिठ्ठी आली. गाडी तर गाडीतळावरच होती. तक्रार घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "तक्रारीची मुदत कालच संपली. आता उशिराचा दंडही पडेल."

चिठ्ठीच मला काल संध्याकाळी मिळाली होती!

मग तो एकाएकी मऊ झाला. "जाऊ द्या बाई. हितं अंगठा द्या, उशिराचा दंड माफ करतो."

एवढी दया कशी आली, म्हणून मी कागद उचलला. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले, हे त्याला काय ठाऊक? कागदावर लिहिलं होतं, 'गाडी रस्त्यात सोडल्याचे कबूल आहे. तक्रार नाही.' म्हणजे मूळ दंड माझ्याच गळ्यात!

"हे मी कधी बोलले?" मी मोठ्यानं वाचून विचारलं.

त्यानं कागद ओढून घेतला आणि तक्रार ऐकायला पुढचा गुरुवार लिहून दिला.

माझ्या मागं एक म्हातारे तात्या उभे होते, अंगठ्याला शाई लावून. ते हळूच म्हणाले, "पोरी, मी तीन बाजार असाच अंगठा देतोय. माफी मिळाली म्हनून त्याच्या पाया पडत व्हतो."

त्यांचा कागद मी वाचला. तोच मजकूर होता.

तुमच्यापैकी कुणी असा अंगठा दिलाय का? आणि त्याआधी कागद कुणी वाचून दाखवला होता?