मशीनची वीट

सोळाव्या वर्षी त्याने हातात थापी घेतली आणि चाळीस वर्षं ती सोडली नाही, म्हणून साइटवर सगळे त्याला थापीच म्हणायचे. दोघे भाऊ गवंडी. मोठा ओळंबा धरणार, धाकटा थापी थर लावणार. भिंत इतकी सरळ यायची की मुकादमाला खोड काढायला जागा राहायची नाही, आणि मुकादम हा प्राणी तर खोड काढण्यासाठीच जन्माला येतो.

चार वर्षांपूर्वी थापी दुसऱ्या मजल्यावरून परांचीसकट खाली आला. परांचीच्या बांबूंना दोरी मोठ्या भावाने बांधली होती. मानेला मार बसला, उजवा हात लुळा पडला, डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी कामाची उरली. एवढ्यावर निभावलं असतं. पण शुद्धीवर आल्या आल्या, भाऊ उशाशी उभा असताना, थापी तीनच शब्द बोलला, "गाठ तुझी होती."

कळा सोसणारा माणूस काहीही बोलतो, हे खरं. पण ऐकणाऱ्याला थोडीच गुंगीचं औषध दिलेलं असतं? मोठा भाऊ खाली मान घालून बाहेर पडला आणि परत फिरकला नाही. दुसऱ्या शहरात जाऊन काम धरलं. फोन नाही, निरोप नाही.

वर्षभराने मेहुण्याने आपलं जुनं गेमचं कन्सोल आणून दिलं. "बोटांना व्यायाम होईल," म्हणाला. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता. थापीने स्वतःचं नाव 'थापी' असंच टाकलं आणि आठवड्याभरात पडद्यावर कुणाची तरी मैत्रीची विनंती आली. नाव होतं 'ओळंबा'. जगात असं नाव घेणारा दुसरा कोण असणार? मेहुण्याला विचारलं, तर तो छताकडे बघायला लागला. बातमी कुठून फुटली ते त्यातच कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता दोन ट्रक रस्त्याला लागायचे. पुढे ओळंबा, मागे थापी. दोन हॉर्न म्हणजे चल, एक लांब हॉर्न म्हणजे थांब. लिहून बोलायची सोय होती, पण तीन वर्षांत दोघांपैकी एकानेही अक्षर लिहिलं नाही. थापी दिवसभर त्या एका तासासाठी जगत होता, हे त्याच्या बायकोला स्पष्ट दिसत होतं.

यंदा डावा हातही दगा द्यायला लागला. दोन्ही बोटं ऐनवेळी सुन्न पडायची. वेग एका बोटावर, ब्रेक दुसऱ्यावर, वळणं अंगठ्यावर. मग ट्रक खड्ड्यात जाणार नाही तर काय. ओळंबा पुढे थांबून राहायचा. पूर्वी असं आठवड्यातून एकदा व्हायचं, आता संध्याकाळी पाच-पाचदा. थापीला भीती वाटायची की एक दिवस भाऊ कंटाळेल. त्याहून मोठी भीती, की त्याला हाताचं समजेल.

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारी एक तरुण मुलगी होती. थापी तिच्याकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, कंपनीच्या सेटिंगमधून सगळं एका अंगठ्यावर येत नाही. होमब्रू टाकावं लागेल."

"ही काय भानगड?"

"घरी केलेलं सॉफ्टवेअर. कंपनीचं नाही, कुणा हौशी माणसाने लिहिलेलं. हे ज्याने लिहिलंय त्याला स्वतःला एकच हात आहे."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"टाकताना काही चुकलं तर मशीनची वीट होते."

"वीट?"

"म्हणजे मशीन मेलं. चालूच होत नाही, नुसता ठोकळा."

थापी खूप दिवसांनी हसला. "जन्मभर विटांवर पोट भरलं पोरी. विटेला मेलेलं म्हणणारी तूच पहिली."

"आणि कंपनीला कळलं, तर मशीन ऑनलाइनमधून कायमचं बाद. मग एकट्याने खेळायचं."

थापीचं हसू तिथेच आटलं.

"विचार करा," ती म्हणाली. "पण तोवर अपडेट करू नका. आत्ताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फट आहे, तिथूनच आत शिरता येतं. अपडेटने ती बुजते. मग मीच काय, कुणीच काही करू शकत नाही."

अकरा दिवस थापीचं मन इकडून तिकडे हेलपाटे घालत होतं. टाकावं, तर भाऊ कायमचा तुटण्याची भीती. न टाकावं, तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच होणार. मशीन रोज अपडेटचं विचारायचं आणि थापी रोज 'नंतर' दाबायचा.

"माझ्या भावाकडून नंबर घ्या आणि सरळ फोन करा की," बायको म्हणाली. "जिभेला तर काही झालेलं नाही ना तुमच्या!"

"जे काही झालंय ते तिच्यामुळेच झालंय," थापी म्हणाला, आणि विषय संपला.

बुधवारी ट्रक सात वेळा खड्ड्यात गेला. सातव्यांदा ओळंबा मागे वळला, अगदी जवळ येऊन समोरासमोर उभा राहिला आणि तसाच बघत राहिला. पडद्यावरचा ट्रक कसला बघतोय, हे थापीलाही कळत होतं. तरीही त्याने घाईघाईने डावा हात चादरीखाली लपवला आणि मशीन बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात जाऊन सांगितलं, "उद्या दुपारी ये. होऊन जाऊ दे."

घरी बायकोला एवढंच म्हणाला, "उद्या ती पोरगी येणार आहे. मशीन तयार ठेव."

म्हणजे धूळ पुसून, टेबल पुढे ओढून, वायरी मोकळ्या करून. एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण बायको बारा वर्षं त्याच्याच हाताखाली साइटवर घमेली वाहिलेली. त्याच्या तोंडचं 'तयार' म्हणजे विटा आदल्या रात्रीपासून भिजत पडलेल्या, रेती चाळलेली, पिंप भरलेलं. कोरडी वीट दिली म्हणून चार माणसांत बोलणी खाल्लेली ती बाई. कामात कसर म्हणून ठेवायची नाही, हे तिच्या अंगातच भिनलं होतं. लॉन्ड्रीतल्या कामावर सकाळची रजा टाकून, नवरा व्यायामासाठी दवाखान्यात गेलेला असताना, तिने मशीन लखलखीत पुसलं आणि एकदा चालूही करून बघितलं. पडद्यावर अक्षरं आली: 'नवीन अपडेट आले आहे. मशीन तयार करण्यासाठी "ठीक आहे" दाबा.' मशीनच सांगतंय म्हटल्यावर तिने दाबलं. तीन वर्षांत तिने त्या मशीनला फडक्याखेरीज काही लावलं नव्हतं, म्हणून अपडेटचं तिला बजावून ठेवावं असं थापीच्या मनातही आलं नव्हतं.

दुपारी मुलगी आली. पडद्यावरचा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा बघून थबकली. "हे अपडेट कधी झालं?"

"सकाळी मी केलं," बायको कौतुकाने म्हणाली. "चाळीस मिनिटं बसून होते. आता अगदी नवं कोरं आहे बघ."

मुलीने थापीकडे पाहिलं.

"मीच तिला तयार ठेव म्हटलं होतं," तो म्हणाला. "आता?"

"आता काही नाही, काका. पुन्हा कुणाला फट सापडली तर. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित सापडणारही नाही."

बायकोच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "माझ्या हातून घात झाला का हो?"

"तू काम चोख केलंस. सांगणाराच अर्धवट बोलला," थापी म्हणाला. तो चिडला नाही, हेच तिला जास्त लागलं.

सहा वाजले. ओळंब्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. थापीने बायकोला शेजारी बसवलं आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला.

"लिही. मशीन बिघडायला आलंय. उद्यापासून येणं होणार नाही."

"खोटं कशाला? हाताचं सांगा. भाऊजी समजून घेतील."

"समजून घेईल म्हणूनच नको. हात गेला म्हटलं की त्याला गाठच ऐकू येणार. एकदा बोललोय तेवढं पुरे."

तिने एकेक अक्षर शोधत लिहिलं. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग आलं:

'नवीन घेतो. मीच घेऊन येतो. रविवारी येऊ?'

बायको रडायलाच लागली. "येऊ द्या हो. येऊ द्या ना."

चार वर्षांत थापीला दुसरं काही नको होतं. पण भाऊ या खोलीत येणार म्हणजे हे दोन्ही हात बघणार, आणि बघून परत जाताना जन्मभराचं ओझं घेऊन जाणार. "नको लिही," तो म्हणाला.

"मी नाही लिहिणार."

"लिही म्हणतो ना!"

तिने 'नको' लिहिलं. या खेपेला उत्तर लगेच आलं.

'बरं. अजून राग आहे तर.'

"नाही!" थापी ओरडला. "राग नाही म्हणून लिही! लवकर लिही, राग नाही, कधीच नव्हता!"

तिची बोटं अडखळत होती. तिने लिहिलं, पाठवलं. पडद्यावर मशीनने कळवलं की निरोप पोचला नाही, ही व्यक्ती आता तुमच्या मित्रांच्या यादीत नाही.