पिंपळझरीची वाट

बाबाराव थुलांनी बावीस वर्षं हिंगणीच्या टेकड्यांमध्ये डाक वाटली. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढे पाय. एकोणऐंशीत रिटायर झाले तेव्हा गुडघे पार कामातून गेले होते, पण वाटा सगळ्या तोंडपाठ. कुठं चढ, कुठं सावली, कुठल्या वळणावर मधमाश्यांचं पोळं, काही म्हणून विचारा.

आणि वर्ध्याचे लोक विचारायला यायचेही. कचेऱ्यांतल्या नि बँकांतल्या चौदा जणांचं मंडळ होतं, रविवारी डोंगर चढायचं खूळ लागलेलं. आता घरचं गरम जेवण सोडून कोणी उगाच टेकडीवर जातं का? पण त्यांना हौस होती, आणि त्यांची वाट ठरवायचे बाबाराव. अंगणात खाट टाकली जायची आणि मंडळाचे म्होरके, हेडक्लार्क वासुदेवराव, चहा पीत वाट समजून घ्यायचे. याच गावात बाबारावांच्या बापाला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. आज एवढा साहेब आपल्या घरच्या कपातून चहा पितो आणि मान खाली घालून आपलं ऐकतो. छाती फुगणार नाही तर काय होईल?

एक्क्याऐंशीचा मार्च होता, शिमगा आठवड्यावर आलेला. वासुदेवराव आले, सोबत अन्नपूर्णा. ही बाबारावांची एकुलती लेक, वर्ध्याला बँकेत लागलेली, नालवाडीला खोली करून राहायची. यंदा तीही मंडळात शिरली होती.

"ऊन तापायला लागलं. येत्या रविवारसाठी सावलीची वाट सांगा," वासुदेवराव म्हणाले.

वाटा होत्या दोनच. एक डोंगराच्या धारेवरची, उघडी बोडकी, पण खालचं गाव सतत नजरेत राहणारी. दुसरी नाल्यानाल्यानं पिंपळझरीला जाणारी. पिंपळझरी म्हणजे आठ घरांची वस्ती, आणि वस्तीजवळ झिरा, नाल्याच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा.

"पिंपळझरीनं जा. पानी लय वाहून नेऊ नका, झिरा बारमाही हाये."

"इतक्यात गेला होता का तुम्ही?"

"मागल्याच हप्त्यात गेलतो."

साफ खोटं. दोन वर्षं त्या वाटेला त्यांचा पाय लागला नव्हता. पण साहेबासमोर 'मले आता चालवत नाई' म्हणायला जीभच उचलेना. अन्नपूर्णा कप उचलत होती. तिनं बापाच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे, आणि कप घेऊन आत गेली. चारचौघांत बापाला खोटं पाडणारी लेक नव्हती ती.

रविवारी सकाळी चौदा जण बसमधून उतरले आणि नाल्याच्या वाटेला लागले. तासाभरानं बाबारावांना पानठेल्यावर चिंधू भेटला, त्यांच्या जागेवर लागलेला डाकवाला.

"पिंपळझरीत कोनाची डाक येते आताशा?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

"तेथं कोन हाये, काका? दीड वर्स झालं वस्ती उठून. सारे हिंगनघाटले कामाले गेले."

"आन झिरा?"

"कोन उपसन? गाळानं बुजला असन."

बाबारावांनी टेकडीकडे पाहिलं. चिंधू तरणाताठा गडी, धावत सुटला असता तर त्यानं मंडळाला वाटेतच गाठलं असतं. पण त्याला सांगायचं काय? मी न पाहता वाट सांगितली, असं? ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. असला मेला मोठेपणा! काठी घेतली आणि हा माणूस एकटाच, लंगडत, लेकीला परत आणायला निघाला.

दीड वर्षात वाट दिसेनाशी झाली होती. दोन्ही बाजूंनी रायमुनियाची झुडपं आत घुसलेली. बैलाचं शेण नाही, कुऱ्हाडीचा आवाज नाही, मोहाखाली अस्वलाची ताजी विष्ठा. सकाळची चौदा जणांची पावलं मात्र धुळीत उमटलेली होती. एका ठिकाणी तीही फाकली, काही इकडे, काही तिकडे, जणू ज्याला जिथं वाट वाटली तिथं तो गेला. तिथून पुढच्या चढाला बाबारावांचा गुडघा बसला तो उठेचना. ते खाली बसून लेकीला हाका मारत राहिले. उन्हात टेकडी नुसती गप्प होती, आणि त्यांना फार भीती वाटत होती.

दिवस कलला तेव्हा झुडपांतून माणसं बाहेर आली. बाबारावांनी आधी लेक पाहिली, मग डोकी मोजली. तेरा भरली. अन्नपूर्णाचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

"झिरा कोरडा होता बाबा," ती म्हणाली. "वासुदेवराव काका रिकामे डबे घेऊन घळीत उतरले पानी पाह्यले. ते आलेच नाई. लय शोधलं."

सोमवारी सकाळी गावकऱ्यांनी वासुदेवरावांना खाटेवर घालून खाली आणलं. कड्यावरून पाय घसरला होता, सगळं आधीच संपलेलं. वर्ध्याहून त्यांची बायको आली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. पंचनाम्याला पोलीस पाटील पुंडलिकराव बसले.

"हे वाट सांगतली कोनं?" त्यांनी विचारलं.

बाबारावांना बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. तेवढ्यात अन्नपूर्णा पुढे झाली.

"बाबानं धारेची सांगतली होती. सावलीसाठी मीच काकाच्या मागं लागली, का नाल्यानं चला म्हनून."

वासुदेवरावांच्या बायकोनं तिच्याकडे असं पाहिलं की बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबारावांनी कोणती वाट सांगितली हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं; अंगणातलं ते बोलणं ऐकलेला तिसरा माणूस खाटेवर पडला होता.

"काहो बाबाराव, खरं हाये हे?"

लेकीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

"हो," ते म्हणाले. पाटलांनी लिहून घेतलं.

अन्नपूर्णा बदली मागून चंद्रपूरला निघून गेली. इकडे लोक म्हणायचे, थुलाच्या पोरीच्या हट्टापायी चांगला माणूस गेला. दोन ठिकाणची सोयरीक त्यावरून मोडली. बापाला ती महिन्याला पत्र पाठवायची, त्यात तब्येतीपलीकडे काही नसायचं.

पुढच्या थंडीत मंडळ पुन्हा सुरू झालं. नवे म्होरके बाबारावांच्या अंगणात येऊन बसले, खाली वाकून नमस्कार केला.

"तुमचं ऐकलं असतं तर वासुदेवराव आज असते," त्यांच्यातला एक म्हणाला.

बाबारावांनी मान डोलावली.